दुर्गांचा वाटसरू : गोनीदा

पैठणच्या माणसाला गड म्हटले की देवगिरी आठवतो. गोदाकाठच्या या सपाट मुलखात डोंगराशी आमचे नाते जुळले ते नाथांमुळे. सोळाव्या शतकात आईबापांवाचून वाढलेला पैठणचा एक मुलगा गुरूच्या ओढीने घर सोडून देवगिरीला गेला, किल्ल्याचा कारभार पाहणाऱ्या जनार्दनस्वामींच्या पायाशी बसला आणि एकनाथ होऊन परतला, ही कथा इथले शेंबडे पोरही सांगेल. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी वऱ्हाडातल्या एका मुलाने असेच कोवळ्या वयात घर सोडले आणि त्याच्याही आयुष्यात पुढे गड आले. त्या मुलाचे नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. मराठी वाचक त्यांना गोनीदा म्हणून ओळखतात आणि जवळची माणसे अप्पा म्हणत.

गोनीदांच्या कादंबऱ्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते माझ्यापेक्षा अधिकारी माणसांनी लिहिले आहे. मला त्यांचे आयुष्य एका वेगळ्या प्रश्नाच्या निमित्ताने पाहायचे आहे. डोंगर चढणे हा महाराष्ट्रात आता मोठा छंद आणि मोठा खेळ झाला आहे. पावसाळ्यातल्या रविवारी पुण्या-मुंबईकडच्या गडांवर जत्रा लोटते. कोणी पायवाटेने जातो, कोणी दोर बांधून सरळ कडा चढतो. चढणाऱ्यांची संख्या वाढली आणि डोंगर मात्र होता तेवढाच राहिला. मग चढणाऱ्याने डोंगर शाबूत कसा ठेवायचा? मराठी माणसाला गडांची वाट ज्यांनी दाखवली त्यांत गोनीदांचे नाव अगदी पहिल्या ओळीत घ्यावे लागते. तेव्हा या प्रश्नाचा धागा त्यांच्या आयुष्यात सापडतो का, हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. मागे मेळघाटाचे डोंगर आणि पुढे वऱ्हाडची काळी जमीन असे ते गाव. तो काळ स्वातंत्र्याच्या चळवळीने भारलेला होता. सातवीत असतानाच गोपाळने शाळा सोडली आणि घरही सोडले. चळवळीत उडी घ्यायची एवढेच डोक्यात होते. पुढे खायचे काय, राहायचे कुठे, याचा विचार त्या वयात कोण करतो? भटकता भटकता हा मुलगा गाडगे महाराजांच्या सावलीत आला, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच घडली.

गाडगे महाराजही अमरावती जिल्ह्यातलेच. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हातात खराटा, जवळ मातीचे गाडगे. ते गावात शिरत आणि कोणाशी बोलण्याआधी गाव झाडायला लागत. दिवसभर झाडलेल्या गावात रात्री कीर्तन. आधी झाडणे, मग बोलणे, असा त्यांचा क्रम होता आणि तो त्यांनी कधी बदलला नाही. गोनीदा तरुण वयात बाबांचा संदेश घेऊन खेडोपाडी हिंडले आणि पुढे त्यांनी बाबांचे चरित्रही लिहिले. शाळेची सातवी अर्धी राहिली, पण खराट्याची ही शाळा त्यांना मिळाली. गोनीदांच्या अभ्यासकांनी या काळाकडे पाहताना भक्ती आणि समाजसेवा यांवर भर दिला आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या जागी आपण पाहुणे म्हणून जातो, ती जागा आपल्या येण्याने मळू नये, जमल्यास थोडी उजळावी, हा धडा पोरवयातच हाडीमाशी खिळला की माणसाचे चालणेच बदलते.

त्यानंतर वेदान्ताचा अभ्यास झाला, औंधला पंडित सातवळेकरांचे सान्निध्य लाभले. मग आली नर्मदेची परिक्रमा. नर्मदा सुमारे १३०० किलोमीटर वाहते. परिक्रमावासी एका काठाने समुद्रापर्यंत जातो आणि दुसऱ्या काठाने परत येतो. नदी नेहमी उजव्या हाताला ठेवायची, ती मध्येच ओलांडायची नाही, पायी चालायचे, भिक्षेवर राहायचे, असे या यात्रेचे नेम आहेत. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही गोनीदांची कादंबरी या अनुभवातून उतरली. वाचताना जाणवते की एवढी वाट चालणाऱ्या माणसाच्या पाठीवर फारसे काहीच नाही. एक झोळी, एक पांघरूण. जे बरोबर नेलेच नाही ते मागे टाकून येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आजकाल डोंगरावर जाणाऱ्याच्या पाठपिशवीत तीन पाण्याच्या बाटल्या, पाच वेफर्सच्या पुड्या आणि एक गाणी वाजवायचा डबा असतो. त्यातले निम्मे रिकामे होऊन वरच राहते.

१९४७ साली गोनीदांनी केवळ लेखणीवर जगायचे ठरवले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव दाभाडे येथे त्यांनी घर केले. 'शितू', 'पडघवली', 'मोगरा फुलला', 'दास डोंगरी राहतो' अशी एकापाठोपाठ एक पुस्तके आली. त्या सर्वांचा परिचय येथे करून देण्याचे कारण नाही, ग्रंथालयात ती आहेत. 'स्मरणगाथा' या आत्मकथनाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोल्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सातवीत शाळा सुटलेला माणूस साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसतो, हे वाचून माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्याचा ऊर भरून येतो हे खरे. मात्र त्यांनी शाळेच्या बदली जे केले ते पाहिले की छाती दडपते. पदवीचा अभ्यास त्या मानाने पुष्कळ सोपा आहे.

तळेगावात राहणे त्यांच्या दृष्टीने फार सोयीचे होते. घरातून निघावे आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची असे गड हाकेच्या अंतरावर. त्यांनी सारा सह्याद्री पालथा घातला. राजगडावर त्यांचा विशेष जीव होता. 'दुर्गदर्शन', 'किल्ले', 'दुर्गभ्रमणगाथा' या पुस्तकांनी मराठी घरांत किल्ल्यांचे वेड शिरवले. त्यांच्याबरोबर तरुण पोरे असत, खांद्याला कॅमेरा असे. वर पोचणे आणि खाली उतरणे एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. माची कुठे संपते, चोरदिंडी कुठे निघते, बुरुजाला ती जागा का निवडली, टाक्याला पाणी कुठून येते, गडाखालच्या वाडीत कोण राहतो आणि तो काय पिकवतो, हे सारे जाणून घ्यायचे. एका गडावर एकदा जाऊन यादीत खूण करायची, ही आजची रीत त्यांना मानवली नसती असे त्यांची पुस्तके वाचून वाटते. ते त्याच त्या गडावर पुन्हा पुन्हा जात.

आमच्या आजीला मी हे सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, वर देव आहे का? नसेल तर एवढे चढायचे कशाला? आजीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, पण गोनीदांच्या दोन कादंबऱ्यांत ते आहे असे मला वाटते.

पहिली 'माचीवरला बुधा'. बुधा हा म्हातारा मुंबईचे जिणे सोडून राजमाचीच्या परिसरात परत येतो आणि माचीवर एकटा राहू लागतो. झाडे, पाखरे, खारी, एक कुत्रा हीच त्याची माणसे. तो डोंगर जिंकायला आलेला नाही. तिथे खोपट बांधून, पुरेल तेवढे पेरून तो तिथलाच होऊन जातो. कथा म्हणावी तर एवढीच, आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. डोंगर ही अनेकांची राहण्याची जागा आहे आणि त्या अनेकांत माणूस एक आहे, ही गोष्ट या पुस्तकात कुठेही उपदेश न करता येते.

दुसरी 'जैत रे जैत'. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यातली गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातल्या, अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याच्या कवीची, हे येथे अभिमानाने नमूद करतो. ठाकर जमातीतला नाग्या हा तिचा नायक. लिंगोबाच्या डोंगरावरच्या मोहोळातली राणी माशी त्याच्या डोळ्याला डसते आणि तो डोळा जातो. तो सूड घ्यायचे ठरवतो. त्याची चिंधी त्याला साथ देते. जिथे कोणी गेले नाही त्या सुळक्यावर नाग्या चढतो, मोहोळ उतरवतो, जिंकतो. आणि त्याच जिंकण्याच्या घटकेला माश्यांच्या दंशांनी चिंधी मरते. ढोल वाजवायचा तो कोणासाठी? मराठीत कडा चढण्यावर याहून मोठी गोष्ट लिहिली गेली असेल असे मला वाटत नाही. चढणाऱ्याचे धैर्य लेखकाने कुठेही कमी लेखलेले नाही, फक्त त्या धैर्याची किंमत किती पडली तेवढे दाखवले आहे.

ही मोहोळे केवळ कादंबरीतली नाहीत. सह्याद्रीच्या सुळक्यांना आणि उभ्या कड्यांना आग्या माश्यांची मोठाली पोळी लटकलेली असतात. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. गडावर चूल पेटवून धूर केला, अत्तरे फवारली, आरडाओरड केली की या माश्या उठतात आणि मग सापडेल त्याला फोडून काढतात. त्याच कड्यांच्या कपारींत गिधाडे आणि ससाणे घरटी करतात. लांब चोचीचे गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडांचा देशभर संहार झाला आणि २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जी थोडी उरली त्यांचा विणीचा काळ हिवाळ्यात येतो, आणि कातळ कोरडा असल्याने दोर लावून चढणाऱ्यांचा हंगामही तोच. घरट्याजवळ दोर पडला की पक्षी उठतो. एकुलते अंडे उघडे पडते. म्हणून पाश्चात्त्य देशांत घरट्यांचे कडे विणीपुरते चढाईला बंद ठेवतात. आपल्याकडेही ज्या गिर्यारोहकांना हे समजते ते आधी दुर्बिणीने कडा न्याहाळतात आणि मगच वाट ठरवतात.

कातळात खिळे ठोकण्याचा प्रश्नही असाच आहे. लोखंडी खिळा, ज्याला पिटॉन म्हणतात, भेगेत ठोकायचा आणि काढायचा, पुन्हा दुसऱ्याने ठोकायचा, असे होत होत भेग रुंदावते आणि कातळाचे ढलपे निघतात. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीत हे इतके वाढले की १९७२ साली ईव्हॉन शुईनार या गिर्यारोहकाने, जो स्वतः असे खिळे बनवून विकत असे, आपल्या मालाच्या सूचीतूनच खिळ्यांऐवजी ॲल्युमिनियमच्या पाचरी वापरायचे आवाहन केले. पाचर भेगेत हाताने अडकवायची आणि मागून येणाऱ्याने हातानेच काढून घ्यायची. कड्यावर काही राहत नाही. आपल्या धंद्याच्या मुळावर येणारी गोष्ट त्याने केली, याचे मला फार कौतुक वाटते. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. पुष्कळ ठिकाणी त्याला अशा पाचरी धरतील इतक्या सलग भेगाच नसतात, म्हणून इथे कातळाला भोक पाडून बोल्ट ठोकण्यावाचून गत्यंतर नाही असे चढणारे म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण मग एका कड्यावर एकच वाट असावी, आणि नव्या तुकडीने नवे बोल्ट ठोकण्याऐवजी जुने तपासून तेच वापरावेत, एवढे तरी होऊ शकते.

येथे कोणी म्हणेल की किल्ले म्हणजे तरी काय? डोंगर फोडूनच केलेले ना? आमच्या देवगिरीला तर पाथरवटांनी टेकडीच्या बाजू चहूकडून तासून भिंतीसारख्या उभ्या केल्या आहेत. मग एका खिळ्याचे एवढे काय? हा मुद्दा मला बरेच दिवस टोचत होता. गोनीदांचे लेखन वाचताना तो थोडा सैल झाला. टाके खोदणाऱ्याने पुढच्या शेकडो उन्हाळ्यांचे पाणी साठवले. पायऱ्या कोरणाऱ्याने मागून येणाऱ्याचा पाय घसरू नये ही काळजी घेतली. ते लोक तिथे राहणार होते. आपण रविवारी सकाळी जातो आणि संध्याकाळी परततो. दगडावर घाव घालण्याचा हक्क राहणाऱ्याला जेवढा, तेवढा सहलीला आलेल्याला नसतो.

पायांनीही घाव बसतो. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या कातळसड्यांवर मातीचा थर बोटभराचा असतो. पावसाळ्यात त्याच थरावर इवली इवली फुले येतात. साताऱ्याजवळचे कास पठार अशा फुलांमुळेच २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. अशा ठिकाणी तंबू ठोकला की त्याखालचे सारे चिरडते. वळणाची पायवाट सोडून कोणी सरळ खाली उतरला, त्याच्या मागून आणखी शंभर उतरले, की पुढच्या पावसात तीच रेघ ओहोळ होते आणि माती घेऊन जाते. शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावे लागत नाही. बांध फुटला की शेत कसे वाहते ते आम्ही दरसाल पाहतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही गर्दी गडांवर लोटली, त्याचा काही दोष बोलावणाऱ्यांकडे जातो का? ज्यांनी एवढे रसाळ लिहून लोकांना हाका मारल्या त्यांत गोनीदा होतेच. आमच्या मराठीच्या सरांशी यावर माझा वाद झाला. सरांचे मत असे की पुस्तक वाचून गडावर जाणारा माणूस कचरा करीत नाही. कचरा करतो तो छायाचित्र पाहून जाणारा. टाक्याचे नाव आणि त्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो त्यात बाटली टाकणार नाही. सरांचे म्हणणे मला निम्मे पटते. निम्मे अशासाठी की नाथषष्ठीला पैठणात लाखो वारकरी येतात. नाथांची गोष्ट त्यांतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते, भक्ती अस्सल असते, आणि यात्रा पांगल्यावर घाटावर आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेची मुले पोती भरभरून पत्रावळी, प्लास्टिक आणि द्रोण उचलतो. तेव्हा नुसत्या प्रेमाने जागा स्वच्छ राहते असे मानता येत नाही. प्रेमाच्या जोडीला खराटा हवा आणि प्रसंगी नियमही हवा. नेपाळ सरकारने २०१४ साली एव्हरेस्टवर जाणाऱ्या प्रत्येक गिर्यारोहकाला उतरताना आठ किलो कचरा खाली आणण्याचा नियम घातला. जगातल्या सर्वोच्च शिखरावर जाणाऱ्या, कसलेल्या माणसांनासुद्धा असा नियम लागला, मग आपले काय!

आणि इथेच गोनीदांचे आयुष्य मला पुन्हा खुणावते. प्रेम आणि खराटा या दोन्ही गोष्टी या एकाच माणसाच्या वाट्याला आल्या होत्या, त्याही याच क्रमाने उलट. आधी गाडगे बाबांचा खराटा, मग नर्मदेची झोळी, आणि त्यानंतर गड. आम्ही त्यांच्या पुस्तकांतून शेवटचे तेवढे उचलले. त्यांच्या मागे निघालेल्यांतही सगळे काही विसरभोळे नाहीत. गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणचे तरुण सुटीच्या दिवशी गडांवर जाऊन टाक्यांतला गाळ काढतात, दरवाजांवरची झुडपे तोडतात, कचऱ्याची पोती पाठीवरून खाली आणतात. या कामाची छायाचित्रे फारशी कोणी पाहत नाही.

१ जून १९९८ रोजी पुण्यात गोनीदांचे निधन झाले. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट. त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव आणि जावई डॉ. विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचने गावोगाव केली, त्यामुळे पुस्तक हाती न धरणाऱ्यांपर्यंतही बुधा आणि नाग्या पोचले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत गोनीदांचा राजगड आहे, त्यांच्या घराजवळचा लोहगडही आहे. म्हणजे आता आणखी पाय त्या वाटेला लागणार.

मी राजगड अजून पाहिलेला नाही. आमच्या वर्गाची सहल यंदा देवगिरीला जायची आहे. आमच्या ग्रंथालयात 'दुर्गदर्शन'ची एकच प्रत आहे आणि तिची पाने शिवणीतून सुटली आहेत. ती सहलीआधी आठ दिवस वर्गात फिरवायची असे ठरले आहे. रिकाम्या पोत्यांची सोय मोंढ्यातल्या एका आडत्याचा मुलगा आमच्या वर्गात आहे, तो करणार आहे.